कपाळमोक्षमीमांसा
अर्थात माळवदी घराच्या ठेंगण्या दारांचा सशास्त्र विचार

१. प्रतिज्ञा

दाराविषयी मराठीत कमी लिहिलेले नाही. देवाच्या दारात उभे राहण्याचे माहात्म्य संतांनी गायले, गडाचे दरवाजे शाहिरांनी गाजवले आणि कादंबरीकारांनी नायिकेला दाराआड उभी करून प्रकरणेच्या प्रकरणे भरली. पण त्याच दारातून आत शिरताना कपाळ नेमके कुठे लागते, याबद्दल आमचे सारस्वत मूग गिळून बसले आहे. महानुभावांची स्थानपोथी पाहावी, तर चक्रधरस्वामी कोठे राहिले, कोठे बसले, त्या देवळाचे तोंड कोणत्या दिशेला होते, इथपर्यंत बारकावे तीत सापडतात. कोणाला टेंगूळ आल्याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात नाही. यावरून दोन अनुमाने निघतात. एक, तेराव्या शतकात मराठवाड्यातली दारे उंच होती. दोन, महानुभाव मुळातच विनयाने वाकून चालत. दुसरे अनुमान आम्हांला अधिक पटते, कारण पहिल्याला पुरावा शोधावा लागेल.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. ते असे. विषय: जुन्या माळवदी घराचे दार पाच फुटांच्या आतबाहेर का असते. प्रयोजन: आपटलेल्या माणसाला निदान कारण तरी कळावे. संबंध: दार आणि कपाळ यांचा संयोग; तो क्षणिक असला तरी त्याचे कार्य, म्हणजे टेंगूळ, दोन दिवस टिकते. अधिकारी: ज्याची उंची पाच फुटांहून अधिक आहे असा कोणीही. त्याहून बुटक्यांना या शास्त्राचा उपयोग नाही. त्यांनी करमणूक म्हणून वाचायला आमची हरकत नाही.

२. क्षेत्रनिर्णय

आमच्या अभ्यासाचे क्षेत्र हर्सूल. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाज्यातून जळगाव रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की तुरुंग, हरसिद्धी मातेचे मंदिर आणि तलाव या तीन गोष्टींसाठी नावाजलेले हे गाव लागते. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे. शहरात कोणी 'अमका हर्सूलला गेला' असे म्हणाले, तर ऐकणारा आधी विचारून घेतो, 'देवीला, की आत?'

क्षेत्राची निवड सहेतुक आहे. औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराला तट घातला. त्या तटातला दिल्ली दरवाजा असा आहे, की अंबारीचा हत्ती खुशाल निघावा. माहुतालासुद्धा मान खाली घालावी लागू नये. तिथून थोड्याच अंतरावर हर्सूलच्या जुन्या गावठाणात आमच्या थोरल्या मामांचे घर आहे. त्याच्या माजघरात जाताना हत्ती सोडाच, आमची मामीसुद्धा वाकते, आणि मामीने आयुष्यात अन्य कोणापुढे मान वाकवल्याचे ऐकिवात नाही. एकाच रस्त्यावर दरवाज्यांच्या उंचीत एवढे अंतर असावे, याला काहीतरी शास्त्र असलेच पाहिजे.

मामांच्या माजघराच्या चौकटीचे वर्णन येथे आवश्यक आहे. वरच्या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात, कारण तिच्या मधोमध गणपती कोरलेला असतो. या गणपतीच्या उजव्या बाजूला वीतभर जागेत लाकूड काळे, गुळगुळीत आणि किंचित तेलकट झाले आहे. तिथे सुताराने रंधा मारलेला नाही, कोणी पॉलिशही केलेले नाही. घरची माणसे सवयीने वाकतात, म्हणजे हे काम त्यांचे नव्हे. ती झिलई तीन-चार पिढ्यांच्या पाहुण्यांनी कपाळाने आणली आहे. डोक्याला लावलेल्या तेलाच्या प्रकारांवरून तिचे कालखंड पाडता येतील, असे आम्ही सुचवले होते. पण लाकूड खरवडून पाहायला मामांनी परवानगी दिली नाही.

३. अंगप्रकरण

दार समजायचे तर आधी घर समजले पाहिजे, आणि माळवदी घर खालून वर समजून घ्यावे.

सर्वांत खाली उथळे, म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. खांब थेट जमिनीत पुरला तर ओल धरतो आणि वाळवीला घरबसल्या जेवण मिळते. म्हणून तो दगडावर उभा करायचा. खांब ऐपतीप्रमाणे सागवानाचा, नाहीतर बाभळीचा किंवा लिंबाचा. खांबांवर आडवी तुळई. तुळयांवर आडवे सर. सरांवर एकमेकांना खेटून बसवलेल्या लाकडाच्या ढलप्या, म्हणजे किलचण. त्यावर तुराट्या किंवा पाला. त्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांवर धुमसून धुमसून घट्ट केलेली माती. या सपाट मातीच्या छताला माळवद म्हणायचे. घराचे माप चौरस फुटांत सांगत नाहीत. तुळई ते तुळई एक खण, आणि खणांवरून घराची प्रतिष्ठा. सोयरीक जमवताना 'घर किती खणांचं?' हा प्रश्न मुलाच्या शिक्षणाच्या आधी येई.

माळवदाचा थर फूटभरापासून दोन-अडीच फुटांपर्यंत असतो. आता थोडे गणित. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक खण धरला आणि माती फूटभरच धरली, तर झाली पन्नास घनफूट. धुमसलेली माती घनफुटाला पंचेचाळीस किलोला कमी नसते. म्हणजे एका खणावर सव्वादोन टन. सोप्या भाषेत, प्रत्येक खणावर तीनेक मारुती ८०० उभ्या करून ठेवाव्यात आणि खाली निवांत पाट मांडून जेवायला बसावे, असा हा प्रकार आहे.

ही माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. ती छतावर घालणारा माणूस आषाढात घरात छत्री घेऊन बसेल. माळवदाला लागते पांढरी. गावठाणातली जुनी घरे पडून, विरून, पिढ्यान्‌पिढ्या साचलेली ही खारट माती असते. तिच्यात गवत सहजी धरत नाही आणि दाबली की ती घट्ट बसते. म्हणजे पणजोबांच्या घराच्या भिंती नातवाच्या घराचे छत होतात. पुरातत्त्ववेत्त्यांना ही गोष्ट फारशी आवडत नाही, कारण पांढरीच्या टेकाडांतच त्यांची सातवाहनकालीन गावे असतात आणि गावकरी ती पाट्या भरभरून छतावर नेतात. मात्र या खणण्यातूनच मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत राहिल्या, हेही खरे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू गोळा केल्या आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. कित्येक माळवदांवर अजूनही सातवाहनांची खापरे निजली असतील, आणि त्यांच्यावर कुरडया वाळत असतील.

छताला जागोजाग साणे ठेवलेले असते. त्यातून उजेड आत येतो, धूर बाहेर जातो आणि उन्हाळ्यात वर खेळणारी पोरे खाली काय शिजते आहे ते बघतात. पावसाची सर आली की 'साणं झाका रे!' अशी आरोळी उठते आणि कोणीतरी पत्रा किंवा फुटकी परात घेऊन शिडीकडे धावते.

४. पूर्वपक्ष

दार ठेंगणे का, याविषयी चार मते प्रचलित आहेत. मराठवाड्यातल्या कोणत्याही पारावर ती फुकट ऐकायला मिळतात.

पहिले नम्रतावाद्यांचे मत. घरात देव आहेत, वडीलधारे आहेत. आत येणाऱ्याने वाकूनच यावे, म्हणून दार ठेंगणे. हे मत सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ते सांगणारा नेहमी आतल्या बाजूला बसलेला असतो. यावर आमचा आक्षेप असा, की जनावरे बांधण्याच्या गोठ्याचे दारही ठेंगणेच असते. बैलापुढे नम्र व्हावे असा संकेत पोळ्याच्या दिवसापुरता मान्य. उरलेल्या दिवसांचे काय? शिवाय तुरुंगाच्या मोठ्या दरवाज्यालाही वाकून जाण्यापुरती दिंडी ठेवलेली असते. तिथे आत शिरणाऱ्याच्या मनात नम्रता उपजते, असे म्हणायला धाडस लागेल.

दुसरे संरक्षणवाद्यांचे. पेंढारी आले, लुटारू आले, तर वाकून आत शिरणाऱ्याची मान आयती समोर येते. आतल्या माणसाने काय ते करावे. मत शूर आहे आणि सांगताना हातवारे करता येतात. बाहेरच्या मोठ्या दरवाज्याला आणि त्यातल्या दिंडीला ते लागूही पडते. पण पेंढारी ढेलज, चौक आणि ओसरी ओलांडून माजघराच्या दारापर्यंत पोचला असेल, तर तोवर त्याला हवे ते मिळालेले असते. मग वाकतो कोण? मामी.

तिसरे खुजेवाद्यांचे. पूर्वीची माणसेच बुटकी होती, हे त्यांचे म्हणणे. हा भ्रम जगभर आहे. इंग्लंडात १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' नावाचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्यातल्या खलाशांच्या सांगाड्यांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या वरच भरली, आणि त्याच काळातल्या तिथल्या शेतघरांत आजचे पर्यटक डोके चोळत फिरतात. इकडे आमच्या मामांचे आजोबा, घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे, सहा फूट उंच होते आणि दाराची उंची त्यांनीच ठरवली होती. खुजेवादी यावर गप्प बसतात.

चौथे शीतोष्णवाद्यांचे. दार जेवढे लहान तेवढी वैशाखातली झळ आत कमी. इथला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. वर फूट-दोन फूट माती, भोवती दोन-अडीच हात जाड भिंती, खिडक्या जवळजवळ नाहीतच. अशा घराला मोठे दार म्हणजे माठाला भोक. या मतात तथ्य आहे आणि ते आम्ही सिद्धान्तात पदरात घेणार आहोत. पण एवढ्याने भागत नाही. झळच अडवायची तर दार बंद ठेवता येते.

वराहमिहिराचा कौलही घेणे इष्ट. बृहत्संहितेत दाराची रुंदी उंचीच्या निम्मी सांगितली आहे. मामांच्या माजघराचे दार अडीच फूट रुंद आहे. त्याची उंची शास्त्राप्रमाणे पाच फूट येते, आणि आहेही पाचच फूट. अर्थात दाराला सहाव्या शतकातल्या आचार्यांचा भक्कम पाठिंबा आहे. कपाळाला कोणत्याच आचार्याचा नाही.

५. आघातप्रकरण

आता प्रत्यक्ष आघाताकडे वळू. त्याचे तीन भेद आहेत.

ललाटाघात: सरळ चालत येणाऱ्या अनभिज्ञाचा. यात दोष पुष्कळदा उंबऱ्याचा असतो. जुन्या दाराला बिजागऱ्या नसतात. फळीच्या कोपऱ्यातून निघालेला लाकडी खुंट खाली उंबऱ्यातल्या आणि वर चौकटीतल्या खोबणीत फिरतो. फळी जाड, वजनदार. ती पेलायची म्हणून उंबराही जाड आणि वरचे लाकूडही जाड. उंबरा वीतभर उंच असला की पावसाचे पाणी, विंचू आणि रांगते मूल अडते. पण मोठ्या माणसाची नजर ठेच लागू नये म्हणून उंबऱ्यावर जाते, पाऊल वर उचलले जाते, त्याबरोबर अंगही वर उचलले जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी गणेशपट्टी कामाला येते. वरचे आणि खालचे लाकूड यांचा हा पूर्वनियोजित कट आहे.

मूर्धाघात: हा अर्धशिक्षितांचा. माणूस वाकतो, दार ओलांडले असे समजतो आणि ताठ होतो. पण भिंतीची जाडी दोन-अडीच हात. दाराची पट्टी संपली तरी भिंतीतले लाकूड संपलेले नसते. हा आघात टाळूवर बसतो. ललाटाघातापेक्षा हा अधिक लागतो, कारण त्यात वाकल्याचे समाधानही असते.

प्रत्याघात: हा निरोपाचा. पाहुणा 'येतो बरं का' म्हणत, हात जोडत, पाठमोरा न होता मागे सरकतो आणि डोक्याच्या मागच्या बाजूने चौकटीला निरोप देतो. यात शिष्टाचार आणि शरीर यांचा थेट विरोध असल्यामुळे धर्मशास्त्रात त्याला तोड नाही.

तिन्ही भेदांत यजमानांचे वर्तन मात्र एकच. आवाज झाल्यावर घरातून एका सुरात येते, 'कामून वाकले नाही?' त्यानंतर म्हातारे म्हणतात, 'डोस्कं सांभाळा, पाव्हणं.' त्यानंतर पोरे खुदकन हसतात, आणि त्यांना गप्प करण्याच्या निमित्ताने सासूबाई आत जाऊन हसतात. हा क्रम चुकल्याचे उदाहरण नाही. आपटणारा पहिल्या दिवाळसणाचा जावई असेल, तर आंबेहळद उगाळली जाते, साखरेची चिमूट तोंडात घातली जाते आणि त्या वर्षीच्या अंगठीचे वजन थोडे वाढते, असे म्हणतात. जावयांच्या आघातांपैकी किती खरे आणि किती मुद्दाम, यावर स्वतंत्र ग्रंथ होईल.

६. देशांतरप्रकरण

प्रमेय एकट्या हर्सूलपुरते आहे, असे कोणी म्हणू नये, म्हणून परदेशाचे प्रमाण देतो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय आहे. तिथे पंधराव्या शतकातले 'बेलीफ' नावाचे शेतघर उभे आहे. ते मुळात शेजारच्या केंट परगण्यातले. १९६० च्या दशकात तिथे जलाशय होऊ घातला, तेव्हा घर बुडण्याआधी सुटे करून आणले आणि जसेच्या तसे पुन्हा जोडले.

आमच्या शास्त्राला यातून मोठा लाभ होतो. ते घर ओल्या ओकच्या लाकडाचे. खांब, तुळई, तिरपे आधार एकमेकांत कुसू आणि खाचा करून बसवलेले, आणि लोखंडी खिळ्याऐवजी लाकडी खुंट्यांनी जखडलेले. अशा घरांचे सुतार सांगाडा आधी अंगणात आडवा मांडून बघत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरत, मग सगळे सुटे करून जागेवर उभे करत. सांगाड्याच्या चौकटीत काटक्यांचा कूड भरून त्यावर माती, शेण आणि गवत यांचा लेप. हे वाचून आमच्या मामांनी एवढेच विचारले, 'म्हणजे त्यांच्याकडंही कुडाचीच भिंत?' हो. आणि मधल्या दालनात धुराडेही नाही. चूल जमिनीवर मधोमध, धूर वर जाऊन छपरातून वाट काढेल तशी काढी. म्हणजे साणेसुद्धा, फक्त नाव न ठेवता.

फरक एकच, आणि तोच महत्त्वाचा. तिथे पाऊस बारमाही आणि वर बर्फ, म्हणून छप्पर उभे, उतरते. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि डोक्यावर तळपते ऊन, म्हणून छप्पर सपाट आणि मातीचे. कोकणात हेच माळवद केले तर पहिल्या मृगात घरासकट समुद्राला मिळेल. हवामान छप्पर ठरवते, आणि छप्पर बाकी सगळे ठरवते. वाचकाने हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्यावर सिद्धान्त उभा राहणार आहे.

७. शिलाप्रकरण

लाकूड कुजते, म्हणून प्राचीनत्वाचा पुरावा लाकडात मिळत नाही, अशी शंका येईल. तिचे उत्तर हर्सूलपासून तासाभराच्या अंतरावर आहे. वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला विश्वकर्मा लेणे म्हणतात आणि लोकांच्या तोंडी ते 'सुतार की झोपडी' आहे. सुतारांच्या आद्यपुरुषाचे नाव मिळायला कारणही तसेच आहे: त्या चैत्यगृहाच्या कमानदार छतावर ओळीने दगडी फासळ्या कोरल्या आहेत, लाकडी छताला असतात तशा. तिथे त्यांना काम कोणतेच नाही. वर अखंड डोंगर आहे; त्याला फासळ्यांनी आधार देणे म्हणजे बैलाला काठी टेकायला देणे. पण घर म्हटले की वर लाकूड दिसले पाहिजे, ही समजूत एवढी पक्की होती, की डोंगर कोरतानाही लाकडावाचून चैन पडले नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर कमानीला बसवलेल्या खऱ्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे जागेवर आहेत.

चौकटीचेही प्रमाण आहे. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची पुरातन कोरीव लाकडी चौकट तिथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. जुन्या मराठवाड्याला लाकडी चौकटीची केवढी हौस होती, याचा तो साक्षीदार. तिच्यावर कपाळाची झिलई आहे का, हे तपासायला मिळावे, अशी आमची मागणी राहील.

८. सिद्धान्त

आता उत्तरपक्ष.

माळवदी घर माणसासाठी बांधलेले नसते. ते माळवदासाठी बांधलेले असते. एकेका खणावर सव्वादोन टन माती टाकायची, हे एकदा ठरले की पुढचे निर्णय आपोआप होतात. जे लांब, सरळ, निर्दोष लाकूड मिळेल, ते तुळईला. त्याखालचे खांबाला. खांब आखूड ठेवला तर लाकूडही वाचते आणि भारही नीट पेलला जातो, म्हणून तुळईची खालची कड हात वर केला की लागते. सरांना आणि किलचणाला उरलेले. सुतार दाराकडे वळतो तेव्हा मालकाजवळ तुटपुंजे तुकडे आणि त्याहून तुटपुंजे पैसे शिल्लक असतात. चौकट त्या तुकड्यांच्या लांबीची होते. वर मातीच्या भिंतीत भोक जितके लहान तितकी भिंत शहाणी, आणि झळही कमी. अशा रीतीने शीतोष्णवादी, वराहमिहिर आणि सुतार या तिघांचे एकमत होते. कपाळाला मत नव्हते.

पण याही पलीकडचे एक कारण आहे, आणि ते शोधल्याचे श्रेय आम्ही घेतो. मामांच्या घराचे बाहेरचे दार पूर्वी इतके ठेंगणे नव्हते. दारासमोरचा रस्ता प्रथम मुरमाचा झाला, मग खडीचा, मग डांबराचा, मग काँक्रीटचा. दर निवडणुकीला त्यावर एक नवा थर चढला. जुना थर उकरायचा असतो, ही कल्पना अजून इकडे पोचलेली नाही. रस्ता वर आला तसे अंगण भर घालून वर आणले, नाहीतर पावसाचे पाणी आत. अंगण वर आले तशी ओसरी वर आली. जमीन उखणून नवी करताना जुन्यावर मुरूम पडतो आणि सारवण चढते. चौकट जिथे होती तिथेच राहिली. दार खाली आलेले नाही. देश वर आला आहे. शहरातल्या जुन्या पेठांत जिथे पायरी चढून घरात जात तिथे आता उतरून जावे लागते, त्याचे बीज हेच. विकासाची उंची मोजायला माळवदी घराच्या दाराइतके खात्रीचे साधन नाही.

९. अपवादप्रकरण

येथे थट्टा बाजूला ठेवली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली, आणि त्यांना गाडणारी माती बहुतांशी त्यांच्याच छताची आणि भिंतींची होती. जाड भिंती मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या होत्या. त्या उसवून पडल्या आणि वरची माळवदे खाली आली. मात्र जिथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर होते, तिथे भिंती कोसळूनही सांगाडा उभा राहिल्याचे दिसले. खांब-तुळईचे काम आणि भिंतीचे काम वेगळे ठेवावे, हे केंटच्या सुताराला ठाऊक होते तसे आमच्याही सुताराला होते. जिथे लाकूड महाग झाले, तिथे खांब गाळून तुळईचे टोक भिंतीवर टेकवले गेले आणि त्याची किंमत त्या पहाटे द्यावी लागली.

भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली. लोकांनी माती उतरवून पत्रे घातले. पुढे ज्याला जमले त्याने स्लॅब टाकला. वाडा मोडायला निघाला की दगडमातीला कोणी विचारत नाही. बोली लागते ती लाकडाची. खांब आणि चौकटी ट्रकमध्ये बसून शहरांतल्या हॉटेलांकडे जातात आणि तिथे उभ्या राहतात. त्या दारांतून आत जायला लोक पैसे मोजतात, आणि आपटले तर त्याचा फोटो काढतात.

मामांच्या धाकट्या मुलाने शेजारीच स्लॅबचे घर बांधले. दार सात फूट उंच. त्या घरात डोके आपटत नाही, तापते. वैशाखात दुपारी दोन वाजता सगळे कुटुंब, कूलर आणि त्याच्या वायरसह, जुन्या माजघरात येऊन निजते. येताना प्रत्येकजण वाकतो. नम्रतावाद्यांनी हे पाहावे: देवापुढे वाकत नव्हते, ते तापमानापुढे वाकतात.

१०. विधी आणि फलश्रुती

मीमांसा म्हटली की शेवटी विधी सांगावा लागतो, नाहीतर ती नुसती चर्चा ठरते. ते विधी असे.

पहिला: उंबऱ्याकडे पाहून पाऊल टाकावे, पण पाऊल उचलताना अंग उचलू नये. दुसरा: दार ओलांडल्यावर लगेच ताठ होऊ नये, भिंतीची जाडी मनात धरून दोन पावले वाकलेलेच चालावे. तिसरा: निरोप घेताना आधी वळावे, मग हात जोडावेत. चौथा, महापालिकेसाठी: नवा रस्ता करण्याआधी जुना उकरावा. पाचवा, यजमानांसाठी: 'डोस्कं सांभाळा' हे वाक्य आघाताच्या आधी उच्चारावे.

पहिले तीन विधी पाळणाऱ्याचे कपाळ शाबूत राहते, अशी या ग्रंथाची फलश्रुती आहे. चौथ्याबद्दल आम्ही आशा सोडलेली नाही. पाचवा मात्र मराठवाड्यात कोणी पाळेल असे वाटत नाही, कारण तसे झाले तर पाहुणा आल्याचे घरातल्यांना कळणार कसे?